साडेतीन बोटांचा कोप

"हात उलटे करा. तळवे नाही हो ताई, हातांच्या पाठी. पाठीला पाठ लावा. बोटं खाली, जमिनीकडे. कोपरं वर. आता आईचं नाव घ्या आणि अजिबात हलू नका."

शनिवार पेठेतल्या त्या पोळीभाजी केंद्राच्या मागच्या खोलीत गुरुवारी संध्याकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. पोळ्या लाटणाऱ्या बायका, भाज्या चिरणाऱ्या बायका, त्यांच्या जावा, सुना, शेजारणी, शिवाय ज्यांना घरी कोणी विचारत नाही असे गल्लीतले चार पुरुष. समोर चौरंगावर अन्नपूर्णेची पितळी मूर्ती, आणि मूर्तीपेक्षा उंच खुर्चीवर श्री हस्तानंद महाराज. कफनी भगवी, कडक इस्त्रीची.

"अडचणीच्या दिवसांत कोणी कणकेला हात लावला?" महाराज डोळे मिटून बोलत होते. "कोणी नवऱ्यापासून लपवलं, कोणी मालकापासून लपवलं. अन्नपूर्णेपासून कसं लपवाल? ज्या बोटांनी लाटणं धरलं, तीच बोटं आई धरते."

सगळ्या जणी तो उलटा नमस्कार करून उभ्या. मिनिटभरही झालं नसेल, पुढच्या रांगेतली शकू म्हणाली, "महाराज, मुंग्या आल्या." मागून दुसरी म्हणाली, "माझी बोटं मेली." मग तिसरी.

"कोणती बोटं?" महाराजांनी विचारलं.

"अंगठा, त्याच्या शेजारचं, मधलं," शकू बोटं निरखत म्हणाली, "आणि अंगठीचं, पण ते अर्धंच."

"करंगळी?"

"करंगळी चांगली आहे."

"असणारच. करंगळी पापात सामील नव्हती. आई निर्दोषाला हात लावत नाही."

खोलीभर 'अगं बाई' झालं. जिची तिची तीच बोटं, अगदी अर्ध्या बोटापर्यंत हिशेब जुळलेला. मग महाराजांनी क्षमा मागायला सांगितली, हात खाली सोडून जोरजोरात झटकायला सांगितले, आणि हळूहळू बोटं जागी झाली. आईने सोडली. काही बायका रडल्या. महाराजांनी प्रत्येकीच्या मनगटाला लाल दोऱ्याचा बंध आवळून बांधला आणि बजावलं, "डॉक्टरच्या सुईला हा हात दाखवाल, तर आई कायमची धरील."

मी तिथे काय करत होते? पोळ्या न्यायला गेले होते. मी परचुरेबाई. सारी हयात पोरांना शास्त्र शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर स्वयंपाक सोडला, कारण एका माणसासाठी कणीक भिजवायचा मला कंटाळा येतो. काउंटरवर कोणी दिसेना म्हणून मागे डोकावले आणि हा सोहळा पाहिला. पहिल्यांदा हसू आलं. मग त्या बायकांचे चेहरे पाहिले आणि हसू गेलं.

या महाराजांची खरी करामत बोटांत नव्हती, ती भिंतीवरच्या पाटीत होती. केंद्राचे मालक श्यामसुंदरशेठ यांनी स्वयंपाकघरात ठळक अक्षरांत लावलेलं होतं: 'अन्न हे पूर्णब्रह्म. अडचण असताना महिलांनी कामावर येऊ नये.' आणि जी आली नाही तिचा त्या दिवसांचा पगार कापला जायचा. म्हणजे आलं तर पाप, न आलं तर पोटावर पाय. साहजिकच सगळ्या जणी दर महिन्याला गप येत होत्या, गप लाटत होत्या, आणि मनातून प्रत्येक बाई गुन्हेगार होती. अशा खोलीत उभं राहून पापाचा आरोप करायला सिद्धी कशाला लागते? डोळे मिटून बोट दाखवलं तरी नेम चुकत नाही.

मला काळजी वाटली ती मथुराबाईंची.

मथुराबाई मूळच्या खराडीच्या. शेतजमीन गेली, तिथे काचेच्या इमारती आल्या. दिरांचे बंगले झाले. विधवा भावजयीच्या वाट्याला या केंद्रातलं पोळपाट आलं. त्यांनी लाटलेल्या पोळ्या डब्यांत भरून रोज दुपारी खराडीच्याच कंपन्यांत जात, बहुधा त्यांच्याच बांधावर बसून कोणीतरी त्या खात असेल. पहाटे कणकेचा डोंगर हातांनी मळायचा, मग दुपारपर्यंत लाटायचं. लाटणं म्हणजे तळव्याच्या खालच्या भागाने सगळं अंग रेटायचं. अशी वर्षानुवर्षं.

त्या गुरुवारी पोळ्यांचं पुडकं माझ्या हातात देताना त्यांच्या हातून ते सटकन सुटलं. खाली वाकून उचलायला गेल्या, तर कागदाचं टोक चिमटीत येईना.

"हाताला काय झालंय, मथुराबाई?"

"काय न्हाई वो."

"मला पुडकं नको, उत्तर द्या."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "रातीला हात मरतो बाई. मुंग्या, कळा, झोपंतनं उठून बसती. झटाकला की येतो जाग्यावर. आता तर दिवसाबी. झंपराची हुकं लागंनात."

"साखर आहे ना तुम्हाला? मग डॉक्टरकडे का गेला नाहीत?"

"निघाली हुती की. गेल्या साली माझ्या पोरानं, संभाजीनं, नंबरबी लावला हुता. तवर म्हाराज आले." त्यांनी मनगटावरचा बंध दुसऱ्या हाताने झाकला. "आता दवाखान्यात गेली की समद्यास्नी कळंल, मथुरानं इटाळात लाटलं म्हून."

"अहो, तुमची पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

"म्हाराज म्हनले, जुनं बी फेडायला लागतं."

आज पाप केलं असेल तर आज धरलं, नसेल केलं तर जुनं धरलं. महाराजांनी स्वतःच्या हरण्याची सोयच ठेवलेली नाही. आणि श्यामसुंदरशेठ काही खुळा नव्हता. महाराज यायच्या आधी या बायकांनी त्याच्याकडे कणीक मळायचं मशीन मागितलं होतं. लाटणारणींना मधून मधून चिरायच्या कामावर पाठवा, हात भरून येतात, असंही म्हणाल्या होत्या. महाराज आले आणि मागण्या बंद झाल्या. हात दुखतो म्हणणं म्हणजे भर पंगतीत मी पापी म्हणून उभं राहणं. मग कोण बोलतंय? ज्या दुखण्याबद्दल मालकाला जाब विचारायचा, त्याच दुखण्याची बाईने मालकासमोर माफी मागायची, अशी ती व्यवस्था होती. मी रागाने घरी आले आणि पोळ्या विसरून आले.

दुसऱ्या दिवशी मी आबेदाकडे गेले. आबेदा माझी विद्यार्थिनी, आता हातांवरच्या शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर. तिची आई कमरजहां हिने शिवणयंत्र चालवून हिला शिकवलं, हे मला ठाऊक होतं. मी सगळं सांगितलं. उलटा नमस्कार हातांनी करून दाखवला. ती खुर्चीत ताठ झाली.

"बाई, करंगळी सोडून?"

"करंगळी सोडून."

"आणि झटकल्यावर बरं वाटतं?"

"हो. आईची कृपा."

तिला हसू आलं नाही. "पुढच्या गुरुवारी मला घेऊन चला. आणि त्या मथुराबाई यायलाच हव्यात."

पुढच्या गुरुवारी केंद्रात मथुराबाई आल्या, पण सोबत मुलगा आला. संभाजी फरशीच्या ठेकेदाराकडे कामाला, दिवसभर ग्राइंडर धरून फरशा कापायचा. दाराशीच त्याने मला गाठलं.

"बाई, तुम्ही आईच्या डोक्यात डॉक्टर भरवू नका. घरात देव आहेत आमच्या. चूक तिनं केलीय तर तिला फेडू दे."

"तू पाहिलीस चूक?"

"आईची बोटं धरली देवीनं. अजून काय पाहायचं?"

मथुराबाई बाजूलाच उभ्या होत्या. पोटच्या पोराचं हे बोलणं त्यांनी मान खाली घालून ऐकलं. मला त्या पोराच्या कानाखाली दोन द्याव्याशा वाटल्या. शाळेत असता तर दिल्याही असत्या.

आत महाराजांचं सुरू झालंच होतं. हात उलटे, कोपरं वर, आईचं नाव. मी पुढे गेले. "महाराज, पुरुषांनी केलं तर चालतं का?"

"पुरुषाला काय भय?" महाराज प्रसन्न हसले. "पुरुष निर्मळच."

"मग संभाजी, राहा की उभा. आईला दाखव, निर्मळ हात कसा असतो."

संभाजी ऐटीत पुढे झाला. हाताच्या पाठी जुळवल्या, बोटं खाली सोडली. आबेदा शांतपणे त्याच्याकडे पाहत होती. थोड्या वेळाने त्याची ऐट उतरली. त्याने कोपरं हलवली, ओठ आवळले, आणि एकदम हात सोडून झटकायला लागला.

"काय झालं?" आबेदाने विचारलं.

"काही नाही."

"कोणती बोटं?"

त्याने पुन्हा एकदा हात झटकला. मग खाली बघून म्हणाला, "अंगठा. आणि ही दोन. हे अर्धं."

खोलीत कुजबुज उठली. मी म्हटलं, "महाराज, याला कधी विटाळ झाला?"

कोणी दुसरा असता तर त्याची पाचावर धारण बसली असती. महाराजांनी मात्र नुसती मान डोलावली. "आईचं पाप मुलाच्या हाती उतरलं. अरेरे. मथुराबाई, आता तरी कबूल करा."

आणि बायकांनी मथुराबाईंकडे पाहिलं हो. त्यांच्याच शेजारी वर्षानुवर्षं लाटणाऱ्या बायकांनी. मथुराबाई एक पाऊल पुढे आल्या. त्या बोलायला तोंड उघडणार होत्या, आणि मला ठाऊक होतं त्या काय बोलणार आहेत. त्या कबूल करणार होत्या.

तेवढ्यात मागून आवाज आला, "महाराज, मी आज बाहेरची आहे."

ती कुसुम. नुकतीच कामाला लागलेली, चोवीस-पंचवीसची. पदर खोचत ती गर्दीतून पुढे आली. "आजच नाही, कालपासून. काल पण मळलं, आज पण मळलं. या मूर्तीच्या नैवेद्याची पोळी मीच लाटली."

कोपऱ्यात बसलेले श्यामसुंदरशेठ खुर्चीवरून उठले. कुसुमने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिने हात उलटे केले, पाठीला पाठ लावली आणि उभी राहिली. मिनिट झालं, आणखी थोडं झालं. महाराज ओठातल्या ओठात पुटपुटत होते.

"मुंग्या?" आबेदाने विचारलं.

"नाहीत."

"अंगठा?"

कुसुमने अंगठा हलवून दाखवला. "चांगला आहे."

"आई रागावून इथून निघून गेली," महाराज घाईने म्हणाले. "या बाईने जागा बाटवली."

"आई गेली ना?" मी म्हटलं. "शकू, हात उलटे कर बघू."

शकूने केले. महाराज "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत तिची बोटं बधिर झाली होती.

"आई तर गेली," मी म्हटलं. "मग हिची बोटं आता कोण धरतंय?"

आबेदा पुढे आली. "यांची बोटं कोणी धरत नाही. मनगटात हाडांचा एक अरुंद बोगदा असतो, त्यावर जाड पट्टा. बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या त्यातून जातात, आणि त्यांच्यासोबत एक नस. रोज तासन् तास मळलं, लाटलं, दाबलं की आत सूज येते आणि ती नस चेपते. थरथरणारं मशीन धरलं तरी चेपते. संभाजी, तुझा ग्राइंडर तेच करतो. आधीच चेपलेली नस मनगट असं वाकवून धरलं की आणखी चेपते, म्हणून मुंग्या येतात. सरळ केलं, झटकलं की सुटते. अंगठा, दोन बोटं आणि तिसऱ्याचं अर्धं या नसेकडे. करंगळीची नस वेगळी, ती या बोगद्यातून जातच नाही. तिला पुण्य-पाप काही ठाऊक नाही. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. कुसुम नवीन आहे, तिचं मनगट अजून शाबूत आहे, एवढंच."

मग तिने विचारायला सुरुवात केली. रात्री हात झटकत कोण उठतं? हातून भांडी कोणाच्या पडतात? आधी कोणाचाच हात वर होईना. मग शकूचा झाला, मग एकेकीचा. साखर कोणाला? थायरॉइडची गोळी कोण घेतं? सांधेवात? मनगट मोडून बसलेलं? पोटुशी असताना हात बधिर व्हायचे, असं कोणाला आठवतं? बायका बोलू लागल्या. एवढ्या वर्षांत त्या पहिल्यांदाच हाताबद्दल मोठ्याने बोलत होत्या.

"माझ्या अम्मीलाही हेच होतं," आबेदा म्हणाली. "तिने जन्मात तुमच्या अन्नपूर्णेचा नैवेद्य लाटला नाही. ती शिवणयंत्रावर कपडे शिवायची." मग ती महाराजांकडे वळली. "हा नमस्कार देवीचा नाही, ही आम्हा डॉक्टरांची तपासणी आहे. तुम्हाला ती ठाऊक आहे, जयसिंग. मी शिकत होते तेव्हा तुम्ही आमच्या सरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. सर पेशंटला हात उलटे करायला लावायचे, आणि तुम्ही दाराशी उभे राहून बघायचे."

महाराज उठले. कफनी सावरत, 'भक्तांचं कल्याण असो' असं काहीतरी म्हणत मागच्या दाराने गेले. त्यांना कोणी अडवलं नाही. दार श्यामसुंदरशेठनीच उघडून दिलं.

इथे गोष्ट संपली असती तर मला फार आवडलं असतं.

आबेदाने मथुराबाईंना खिडकीपाशी नेलं आणि तो लाल बंध कात्रीने कापला. खाली मनगटावर वळ उमटला होता. तिने त्यांचा तळवा उताणा धरला. अंगठ्याच्या मुळाशी आपल्या सगळ्यांच्या हाताला एक मांसल उंचवटा असतो. मथुराबाईंच्या हाताला तिथे खळगा होता. आबेदाने अंगठा करंगळीकडे न्यायला सांगितला. तो जाईना.

"गेल्या वर्षी नंबर लावला होता म्हणालात?" आबेदाने विचारलं.

"व्हय. मग ऱ्हायलं."

आबेदाने त्यांचा हात हलकेच मिटवला. संभाजी म्हणाला, "डॉक्टर, ऑपरेशन केलं तर हात पहिल्यासारखा होईल ना?"

"मुंग्या थांबतील, झोप लागेल. अंगठ्याचा स्नायू वाळला आहे. तो परत येईलच असं मी सांगू शकत नाही."

ऑपरेशन झालं. मथुराबाई आता रात्रभर झोपतात. अंगठा मात्र आला नाही. कणकेचा गोळा तोडता येत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, चहाचा कप दोन हातांनी धरावा लागतो. संभाजीने वेळेत उपचार घेतले, रात्री मनगट सरळ ठेवायची पट्टी बांधली, ग्राइंडरचं काम सोडलं, त्याचा हात वाचला. त्याला कोणी पाप विचारलं नव्हतं, म्हणून तो सरळ दवाखान्यात जाऊ शकला.

श्यामसुंदरशेठनी दुसऱ्याच दिवशी सगळं स्वयंपाकघर गोमूत्राने धुऊन काढलं आणि कुसुमला कामावरून काढलं. मी बायकांना म्हटलं, चला, कामगार कार्यालयात तक्रार देऊ. एकटी कुसुम आली. बाकीच्यांना तिथे सांगावं लागलं असतं की त्या दिवसांत आम्हीही लाटत होतो. शकू तर मला म्हणाली, "बाई, नसेचं पटलं हो. पण पाटी लावलीय म्हणजे काहीतरी असेलच ना." जयसिंग आता हिंजवडीत एका खाणावळीच्या बायकांचे हात उलटे करतो, असं कानावर येतं. पाटी अजून भिंतीवर आहे. कणकेचं मशीन अजून आलेलं नाही.

म्हणून हे लिहिते आहे. रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, अंगठ्याकडच्या बोटांना मुंग्या येत असतील, हातातून वस्तू सुटत असतील, गुंड्या लागत नसतील, तर डॉक्टरला हात दाखवा, साखर आणि थायरॉइड तपासा, आणि अंगठ्याखाली खळगा पडायची वाट बघू नका. सुरुवातीला नुसत्या पट्टीने आणि विश्रांतीने भागतं. पोळपाटावरच्या बाईचा हात दुखला तर तिचं काम बघा, तिची पाळी मोजू नका. महिन्याला येणारं रक्त नव्हे, रोज पडणारा दाब हात मारतो, आणि तो दाब टाकणाऱ्याचं नाव देवीच्या मूर्तीमागे लपवू नका. जो माणूस दुखणं दाखवायला मनाई करतो, त्याला आधी विचारा की मनाईने फायदा कोणाचा होतो.

परवा मथुराबाईंना हे वाचून दाखवलं. तुमचं नाव ठेवू का बदलू, असं विचारलं. त्यांनी डाव्या हाताने उजवा अंगठा चोळला.

"नाव ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "फकस्त एवढं लिवा बाई, की मी काय सुदीक केलं न्हवतं. संभाजी वाचंल."